सागरापारचे साधर्मिक
(पूर्व आफ्रिकेतील हालारी विसा ओसवाल समाजाच्या संस्थांची वाटचाल)

जैन परंपरेत साधर्मिक वात्सल्याला फार मोठे स्थान आहे. आपल्या धर्माचा बांधव गावात आला, तर त्याला भोजन द्यावे, निवारा द्यावा, त्याची अडचण समजून घ्यावी आणि तो स्वतःच्या पायांवर उभा राहील असे पाहावे, ही शिकवण श्रावकाच्या नित्य कर्तव्यांत गणली गेली आहे. स्वदेशात, नात्यागोत्याच्या माणसांत राहून हे कर्तव्य पार पाडणे तुलनेने सोपे असते. परंतु जेथे भाषा परकी, राज्य परके, जमीनही परकी आणि मुनिमहाराजांचे दर्शनही दुर्लभ, अशा ठिकाणी या शिकवणीची खरी कसोटी लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत जैन समाजाचे अनेक गट समुद्र ओलांडून गेले. त्यांत पूर्व आफ्रिकेत जाऊन स्थिरावलेल्या आणि तेथून पुन्हा एकदा इंग्लंडात स्थलांतर कराव्या लागलेल्या हालारी विसा ओसवाल समाजाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. (तिकडे ‘ओशवाल’ असा उच्चार व लेखन रूढ आहे.) परदेशातील आपल्या माणसांसाठी संस्था कशी उभी राहते, ती कशामुळे टिकते आणि तिची मर्यादा कोठे असते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या इतिहासात सापडतात.

हालारची बावन्न गावे

ओसवाल समाजाचे मूळ राजस्थानातील ओसियां या नगरीशी जोडले जाते. तेथून निघालेल्या अनेक शाखांपैकी एक शाखा सिंध व कच्छमार्गे सौराष्ट्राच्या वायव्य भागात आली. सोळाव्या शतकात जाम रावळ याने कच्छ सोडून या भागात आपले राज्य स्थापन केले व १५४० मध्ये नवानगर म्हणजेच आजचे जामनगर वसवले. त्याच्या सत्तेखालील हा मुलूख ‘हालार’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि जामनगरच्या आसपासच्या बावन्न गावांत विसा ओसवाल समाज वसला. या बावन्न गावांची ओळख समाजाच्या मनात आजही पक्की आहे. नैरोबीत अथवा लंडनमध्ये जन्मलेल्या ओसवाल तरुणाला ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले, तर ज्या गावी त्याने कधी मुक्कामही केला नसेल, त्या हालारातील गावाचे नाव तो सांगतो.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. जैन म्हटले की सराफी पेढी अथवा व्यापारी दुकान डोळ्यांपुढे येते. परंतु हालारी ओसवाल हे बहुतांशी शेतकरी होते. पावसाच्या भरवशावरील कोरडवाहू शेती, त्यावर संस्थानाचा सारा, आणि जोडीला खेडेगावातील लहानसहान व्यवहार, एवढाच त्यांचा संसार होता. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० या काळात, पश्चिम भारतावर भीषण दुष्काळ कोसळला. ‘छप्पनियो’ या नावाने तो गुजरात-सौराष्ट्राच्या लोकस्मृतीत कायम राहिला आहे. गुरेढोरे मेली, विहिरी आटल्या, धान्याची कोठारे रिकामी झाली. याच सुमारास, १८९९ च्या आसपास, हालारातील पहिल्या काही ओसवालांनी आफ्रिकेची वाट धरली. आरंभीचे हे स्थलांतर संपत्तीच्या लोभाने झालेले नव्हते. भुकेने घराबाहेर काढलेली ती माणसे होती.

वाऱ्याच्या भरवशावर

सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेशी होणारा व्यापार फार जुना आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर शिडाची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर परत येत. पहिल्या पिढीतील ओसवालांनी हाच मार्ग पत्करला. कित्येक दिवसांचा तो प्रवास, मोजके गोडे पाणी, सोबत बांधून घेतलेल्या शिदोरीवर काढलेले दिवस आणि डोक्यावर उघडे आकाश, अशा स्थितीत ही मंडळी मोंबासा बंदरात उतरली. पुढे आगबोटींचा काळ आला. मुंबईहून निघून सौराष्ट्रातील पोरबंदर व बेडी या बंदरांत उतारू घेऊन आगबोटी मोंबासाकडे जात. विसाव्या शतकाच्या मध्यास या मार्गावर धावणाऱ्या ‘करंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटींची नावे जुन्या पिढीच्या बोलण्यात हटकून येत. मुंबईचा धक्का हा आफ्रिकेला जाणाऱ्या शेकडो कुटुंबांचा निरोपाचा उंबरठा होता.

ब्रिटिशांनी १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू केले. १८९९ मध्ये रूळ नैरोबीपर्यंत व १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत पोहोचले. या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ अडीच हजार माणसे अपघाताने, रोगराईने व हिंस्र श्वापदांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली. हे मजूर प्रामुख्याने पंजाबकडील होते. ओसवाल मंडळी रेल्वेच्या करारावर गेलेली नव्हती. परंतु रेल्वेने जो प्रदेश खुला केला, त्यातच त्यांना पुढे उपजीविका सापडली.

शेतकऱ्यांच्या या मुलांना आफ्रिकेत शेती करता आली असती, तर त्यांनी बहुधा तीच केली असती. परंतु केनियाच्या उंच पठारावरील सुपीक जमिनी युरोपियन वसाहतकऱ्यांसाठी राखून ठेवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते आणि १९१५ च्या जमीनविषयक कायद्याने ते अधिकच दृढ झाले. १९२३ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनेही ही राखीव व्यवस्था कायम ठेवली. नांगर हाती धरलेल्या समाजाला तराजू हाती घ्यावा लागला, तो असा. रेल्वेच्या स्थानकांजवळ आणि तेथून आत दूरवर, पत्र्याच्या छपराची छोटी दुकाने उभी राहिली. मीठ, साखर, कापड, रॉकेल, काड्यापेट्या यांची ती दुकाने. ‘दुकान’ या शब्दावरूनच स्वाहिली भाषेत ‘दुका’ हा शब्द रूढ झाला, तो आजतागायत वापरात आहे. थिका, मुरांगा, न्येरी, मेरू अशा गावांतून ओसवालांची वस्ती वाढत गेली.

आधी भाणे, मग संस्था

कोणतीही घटना व नोंदणी नसताना, कार्यकारी मंडळ नसताना, समाजाची पहिली संस्था अस्तित्वात आली होती. ती म्हणजे आधी आलेल्याचे घर. बोटीतून उतरलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपल्या गावच्या किंवा नात्यातील एखाद्या दुकानदाराचे नाव लक्षात ठेवून येई. त्या दुकानात त्याची पथारी पडे, तेथेच तो जेवे आणि दिवसभर काम करी. दोन-तीन वर्षांत तो हिशेब शिके, स्वाहिली बोलू लागे, गिऱ्हाईक ओळखू लागे. मग तोच मालक किंवा घाऊक व्यापारी त्याला उधारीवर माल देई आणि तो आणखी आतल्या भागात स्वतःचे दुकान मांडी. काही वर्षांनी त्याच्या दुकानातही हालारहून आलेला एखादा मुलगा पथारी पसरी. या साखळीला लेखी करार नव्हता, दस्तऐवज नव्हता. परदेशात एकमेकांखेरीज दुसरा आधार नाही, ही जाणीवच तिचा करार होती.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कामाचे तास दीर्घ असत, पगार तुटपुंजा असे आणि नात्याच्या उपकाराखाली दबलेल्या मुलाला गाऱ्हाणे मांडण्यासही जागा नसे. स्त्रियांचे हाल आणखी निराळे होते. आरंभी पुरुष एकटे गेले आणि त्यांच्या बायका वर्षानुवर्षे हालारात सासरी राहिल्या. नंतर त्या आफ्रिकेत आल्या, तेव्हा दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. रानावनातील त्या एकाकी दुकानांत चौविहार पाळणे, कंदमूळ वर्ज्य ठेवणे, तिथींचे नियम सांभाळणे हे सारे त्यांच्यामुळे टिकले. पुरुषांनी दुकाने उभारली, असे इतिहासात लिहिले जाते. त्या दुकानांमागे जैन घर स्त्रियांनी उभारले, हेही तितक्याच ठळकपणे लिहावयास हवे.

वस्ती वाढली तशी घराघरांतील ही मदत अपुरी पडू लागली. एखादा आजारी पडला, एखाद्याचे दुकान बुडाले, कोणी विधवा झाली, तर एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचे ते ओझे असे. मोंबासा, नैरोबी व इतर गावांतून ज्ञातीच्या संस्था आकाराला आल्या त्या या गरजेतून. हालारातील गावपंचायतीत वडीलधाऱ्यांचा शब्द अंतिम असे. येथे मात्र सभासदांची यादी, वर्गणी, निवडलेले मंडळ, वार्षिक सभा आणि तपासलेला हिशेब अशी नवी शिस्त आली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या महाजन परंपरेने आधुनिक संस्थेचे रूप घेतले.

या संस्थांनी आधी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आडगावी दुकान असलेल्या पालकांच्या मुलांना शाळा नव्हती. त्यामुळे शिक्षण आणि अडलेल्यांना साहाय्य, ही दोन कामे अग्रक्रमाने आली. नैरोबीत ओशवाल समाजाच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाचे नावच ‘ओशवाल एज्युकेशन अँड रिलीफ बोर्ड’ असे आहे. शिक्षण आणि साहाय्य हे दोन शब्द एकाच नावात बसवणाऱ्या संस्थापकांची दृष्टी त्यातून दिसते. मदत आज लागते आणि शिक्षण उद्याची मदत अनावश्यक करते, हे त्यांना उमगले होते.

मुनिराजांविना धर्म

परदेशातील जैनांपुढे एक प्रश्न असा होता, जो अन्य धर्मीयांपुढे नव्हता. जैन साधु-साध्वी पादविहार करतात. वाहनाचा उपयोग त्यांना वर्ज्य आहे. शिकागो येथे १८९३ मध्ये सर्वधर्म परिषद भरली, तेव्हा आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना निमंत्रण आले होते. साध्वाचारामुळे ते जाऊ शकले नाहीत आणि त्यांनी आपल्या वतीने बॅरिस्टर वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. महुवा येथे १८६४ मध्ये जन्मलेल्या या श्रावकाने अमेरिकेत जैन दर्शनाची ओळख करून दिली. तरीही समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष सहन करावा लागला.

शिकागोला एक श्रावक काही काळासाठी गेला होता. आफ्रिकेत मात्र हजारो श्रावक-श्राविका कायमच्या राहावयास गेल्या होत्या. तेथे चातुर्मास नव्हता, व्याख्यान नव्हते, प्रायश्चित्त देणारे गुरू नव्हते. चतुर्विध संघातील साधु आणि साध्वी ही दोन अंगे तेथे अनुपस्थित होती. अशा स्थितीत पाठशाळा चालवणे, पर्युषणात वाचनाची व्यवस्था करणे, सामुदायिक प्रतिक्रमण घडवणे, आयंबिलाची ओळी साजरी करणे ही सारी जबाबदारी श्रावक-श्राविकांच्या संस्थेवर आली. मुलांना नवकार मंत्र शिकवणारे दिवसा दुकानात हिशेब लिहीत असत. परदेशातील जैन संस्था केवळ समाजकल्याणाचे मंडळ राहिली नाही, तर धर्माचे वहन करणारी शक्ती बनली, याचे कारण येथे आहे. पुढे १९८० मध्ये आचार्य तुलसी यांनी तेरापंथात समण-समणी श्रेणी सुरू केली व वाहनाने प्रवास करण्याची मुभा असलेल्या या साधकांमुळे परदेशातील जैनांना काहीसा आधार मिळाला. परंतु तोवर पूर्व आफ्रिकेतील समाजाने ऐंशी वर्षे स्वबळावर धर्म टिकवला होता. मोंबासा येथे १९६३ मध्ये उभे राहिलेले भगवान पार्श्वनाथांचे शिखरबंद देरासर ही त्या तपश्चर्येचीच फलश्रुती होय.

दाता आणि दातृत्व

या इतिहासात श्री. मेघजी पेथराज शाह यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. जामनगरजवळील डबासंग या खेड्यात १९०४ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१९ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, ते केनियात गेले. व्यापार व उद्योगात त्यांनी मोठे यश मिळवले. परंतु त्यांचे नाव टिकले ते त्यांनी कमावलेल्या धनामुळे नव्हे, तर त्या धनाच्या विनियोगामुळे. सौराष्ट्रात त्यांच्या देणग्यांतून शाळा, ग्रंथालये व आरोग्यसंस्था उभ्या राहिल्या. जामनगर येथे १९५५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. नैरोबीतील पार्कलँड्स भागातील एम. पी. शाह रुग्णालयही त्यांचेच नाव धारण करून आहे. १९६४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

दुष्काळाने ज्या भूमीतून माणसे बाहेर पडली, त्याच भूमीत अर्ध्या शतकानंतर वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ही घटना विचार करावयास लावते. त्याचबरोबर ज्या भूमीने आश्रय दिला, तेथेही रुग्णालय उभे राहिले. जन्मभूमी व कर्मभूमी या दोन्हींचे ऋण मानण्याची ही वृत्ती जपली गेली, तेथे समाजाची प्रतिष्ठा वाढली. जेथे ती दुबळी पडली, तेथे पुढील काळात त्याची किंमत मोजावी लागली.

दुसरे स्थलांतर

टांगानिका १९६१ मध्ये, युगांडा १९६२ मध्ये व केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. केनियातील आशियाई लोकांना नागरिकत्व निवडण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी ब्रिटिश पारपत्रच ठेवले. १९६७ मध्ये केनियाने परदेशस्थांच्या प्रवेशाविषयी व व्यापार परवान्यांविषयी नवे कायदे केले आणि नागरिकत्व न घेतलेल्यांना काही भागांत व काही वस्तूंचा व्यापार करणे अशक्य झाले. इंग्लंडकडे जाणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा ब्रिटिश संसदेने अवघ्या काही दिवसांत कायदा संमत करून १ मार्च १९६८ पासून त्यांच्याच पारपत्रधारकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. वर्षाला केवळ दीड हजार कुटुंबप्रमुखांना परवाना, असा हा नियम होता. केनियातील आशियाई लोकसंख्या १९६२ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७६ हजार होती. १९६९ मध्ये ती सुमारे १ लाख ३९ हजारांवर आली. टांझानियात १९७१ मध्ये भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला. त्यांपैकी २७ हजारांहून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले.

युगांडातून आलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारने पुनर्वसन मंडळ नेमले आणि जुन्या लष्करी तळांवर व अन्यत्र सोळा छावण्या उघडल्या. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने मात्र युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘येथे येऊ नका’ असा सल्ला दिला होता. तरीही लोक तेथे गेले, कारण तेथे त्यांचे नातलग होते. सत्तर वर्षांपूर्वी मोंबासात जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. पुन्हा आधी आलेल्याचे घर, पुन्हा एका खोलीत चार बिछाने, पुन्हा एकाच चुलीवर दोन कुटुंबांचा स्वयंपाक. फरक इतकाच की, आता येणारे कोवळ्या वयाचे मुलगे नव्हते. साठी ओलांडलेले आजोबा, संसार सोडून आलेल्या गृहिणी आणि शाळा अर्धवट राहिलेली मुले, अशी भरली कुटुंबे थंडीत उभी होती. दुकानाचे मालक असलेल्यांना कारखान्यात कामगार व्हावे लागले. आफ्रिकेत ज्या स्त्रियांनी घराबाहेर नोकरी केली नव्हती, त्या कापडाच्या व इतर कारखान्यांतून काम करू लागल्या.

याच काळात ब्रिटनमधील ओशवाल असोसिएशन उभी राहिली. तिचे एक सामर्थ्य असे होते की, संस्था चालवण्याची सवय लोकांनी आपल्यासोबत आणली होती. सामान, दुकाने, घरे मागे राहिली. परंतु वर्गणी गोळा करणे, सभा घेणे, हिशेब मांडणे, पंगतीची व्यवस्था करणे हे ज्ञान कोणत्याही सीमेवर जप्त करता येत नाही. आरंभी भाड्याच्या सभागृहांत पर्युषण पार पडत असे. १९८० मध्ये लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार गावाजवळ संस्थेने विस्तीर्ण जागा घेतली. तेथे आधी समाजकेंद्र आले आणि परंपरागत शिल्पशास्त्रानुसार बांधलेल्या शिखरबंद देरासराची प्रतिष्ठा २००५ मध्ये झाली. म्हणजे जागा घेतल्यानंतर पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात संस्थेने माणसे उभी केली.

लेस्टरमध्ये याहून वेगळा, पण तितकाच बोलका प्रयोग झाला. तेथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या जैन समाजाने १९७९ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एक जुने चर्च विकत घेतले व त्याचे जैन केंद्रात रूपांतर केले. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच वास्तूत श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय व श्रीमद् राजचंद्र मंदिर, अशी ती रचना आहे. रंगीत काचांच्या खिडक्यांत भगवान महावीरांचे जीवनप्रसंग साकारले आहेत. जे स्वदेशात शतकानुशतके स्वतंत्र छपरांखाली राहिले, ते परदेशात एका छपराखाली आले. संख्या कमी असल्यामुळे हे घडले, असे कोणी म्हणेल. परंतु संख्या कमी असलेले अनेक समाज एकत्र येत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

दाराची रुंदी

आफ्रिकेतील आशियाई समाजावर एक आक्षेप वारंवार घेतला गेला. ते आपल्यापुरते राहिले, आपल्याच शाळा, आपलीच सभागृहे, आपलीच पंगत. भोवतालच्या आफ्रिकी समाजाशी त्यांचे नाते गिऱ्हाइकाच्या पलीकडे गेले नाही, असा हा आक्षेप. वसाहतकाळात शाळा, इस्पितळे, वस्त्या या सरकारनेच वंशानुसार वेगळ्या केल्या होत्या, हे त्याचे एक कारण होते. परंतु सारा दोष राज्यकर्त्यांवर टाकून चालणार नाही. १ ऑगस्ट १९८२ रोजी केनियात लष्करी उठावाचा प्रयत्न झाला, तेव्हा नैरोबीतील आशियाई लोकांची दुकाने लुटली गेली. त्या लुटीचे समर्थन कोणीही करणार नाही. मात्र ज्या समाजाला शेजाऱ्यांनी आपले मानले नाही, त्याने शेजाऱ्यांना किती आपले मानले होते, हा प्रश्न त्या घटनेने मागे ठेवला.

या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता येत नाही, ते कृतीतच द्यावे लागते. २१ सप्टेंबर २०१३ रोजी नैरोबीतील वेस्टगेट या व्यापारी संकुलावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. ६७ निरपराध माणसे प्राणास मुकली. संकुलाच्या शेजारीच विसा ओशवाल समाजाचे केंद्र आहे. ज्या सभागृहांत विवाह व पर्युषणाचे कार्यक्रम होतात, त्यांची दारे त्या दिवशी उघडली गेली. जखमींवर प्रथमोपचार, बाहेर पडलेल्यांना आसरा, रेडक्रॉसच्या कार्यकर्त्यांना जागा, बचावकार्य करणाऱ्यांना भोजन व पाणी, हे सारे त्या केंद्रातून झाले. एम. पी. शाह रुग्णालयात जखमींवर उपचार झाले. आत येणाऱ्याची ज्ञाती, धर्म, वर्ण कोणी विचारला नाही. हालारच्या बावन्न गावांसाठी बांधलेले दार त्या दिवशी साऱ्या नैरोबीसाठी पुरेसे रुंद ठरले. पुढे जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाचा ४४ वा समुदाय म्हणून मान्यता दिली. ही मान्यता कागदावरची असली, तरी तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा सहवास आणि दोन्ही बाजूंनी शिकलेले धडे आहेत.

आपल्यासाठी बोध

मुंबई व भिवंडी परिसरात स्थायिक झालेल्या हालारी कुटुंबांना हा इतिहास घरचाच वाटेल. परंतु तो साऱ्या जैन समाजाने वाचावा असा आहे. आज महाराष्ट्रातील गावागावांतून जैन तरुण-तरुणी पुणे-मुंबईला, बेंगळुरूला आणि तेथून अमेरिका, इंग्लंड, आखाती देशांत शिक्षण व नोकरीसाठी जात आहेत. त्यांना दुकानात पथारी पसरावी लागत नाही. परंतु परक्या शहरातील पहिली रात्र, पहिले आजारपण, नोकरी गेल्यानंतरचा पहिला महिना हे अनुभव आजही तसेच आहेत. त्याच वेळी आपल्या गावातही बाहेरून कोणी विद्यार्थी, कोणी कामगार, कोणी नवे कुटुंब येतच असते. त्याला कोणाचे दार ठोठावावे हे ठाऊक असते का?

पूर्व आफ्रिकेतील संस्थांनी आधी भाणे वाढले, मग शाळा काढली, मग अडलेल्यांसाठी निधी उभारला आणि सवड मिळाली तेव्हा संगमरवरी शिखर चढवले. हा क्रम त्यांनी ठरवून निवडला नसेल. परिस्थितीने तो त्यांच्याकडून करून घेतला. परंतु त्या क्रमामुळेच १९६८ व १९७२ मध्ये सर्वस्व गेल्यावरही त्या संस्था दुसऱ्या देशात पुन्हा उभ्या राहू शकल्या. त्यांची इमारत मागे राहिली आणि संस्था सोबत गेली.

सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही न्यासाच्या जीवनातील कृतार्थतेचा क्षण असतो. झालेल्या कार्याचा आनंद मानावा, दात्यांचे व कार्यकर्त्यांचे स्मरण करावे, हे उचितच आहे. त्यासोबत आणखी एक हिशेब मांडावा. या पन्नास वर्षांत किती नवागतांना येथे पहिले भोजन मिळाले, किती मुलांचे शिक्षण अडले नाही, किती जणांनी संकटात याच दाराकडे धाव घेतली? या वहीतील जमेची बाजू जितकी भरेल, तितका तो न्यास पुढील पन्नास वर्षांसाठी समर्थ ठरेल. साधर्मिक वात्सल्य ही केवळ पर्युषणातील व्याख्यानाची बाब नव्हे, तर ते संस्थेचे मूळ भांडवल आहे. हालारच्या दुष्काळातून निघालेल्या त्या शेतकऱ्यांनी ते भांडवल समुद्रापार नेले, दोनदा सर्वस्व गमावूनही ते राखले आणि अखेरीस परक्यांसाठीही खर्च केले. असे हे एकच भांडवल आहे, जे खर्च केल्याने वाढते.